भट्टीवरचं नसलेलं फोल्डर

फोन आला तेव्हा कारखाने तपासणाऱ्या निरीक्षकबाई उभ्यानंच चहा पीत होत्या. बसून चहा पिणं त्यांना जमतच नसे. ऑफिसात सगळे त्यांना भिंगरी म्हणत, फक्त तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

"लिफ्टच्या कारखान्यात अपघात झालाय," साहेब म्हणाले. "परवा संध्याकाळी. माणूस वाचलाय. मालक म्हणतो दोषी सापडलाय, तुम्ही येऊन सही तेवढी करा."

"दोषी सापडलाय तर माझी सही कशाला हवी?"

"विम्याला लागते. दुपारी तो पोलिसांत तक्रार देणार आहे. त्याच्या आत बघून या."

आयता दोषी पुढ्यात आला की बाईंचं डोकं उठे. अर्धा चहा मोरीत ओतून त्या निघाल्या.

कारखान्याच्या मागच्या अंगाला चाचणीचा मनोरा होता. नवी लिफ्ट ग्राहकाकडे जाण्याआधी या मनोऱ्यात वरखाली करून तपासायची. मालकांनी स्वतः दाखवलं, काय घडलं तेही सांगितलं. मिस्त्री, म्हणजे कारखान्यातला सगळ्यात जुना माणूस, लिफ्टमध्ये वजनांची गाडी घेऊन खाली येत होता. घंटी वाजली, दार उघडलं. मिस्त्री पाठमोरा, गाडी ओढत बाहेर निघाला. लिफ्ट मात्र अजून मजल्याला लागलीच नव्हती, हातभर वर होती. मिस्त्री उताणा पडला आणि गाडी त्याच्यावर आली. कमरेचं हाड गेलं, मांडीचं गेलं.

"पाठमोरे का निघाले?" बाईंनी विचारलं.

"जन्मभर तसेच निघालेत. दार उघडलं म्हणजे मजला आला, यात बघायचं काय?" मालक म्हणाले. "दार कधी उघडायचं ते प्रोग्राम ठरवतो. आणि प्रोग्राम त्याच दिवशी सकाळी मिस्त्रीच्या पोरीनं चढवला होता."

बाई चालता चालता थांबल्या. "कुणाच्या?"

"त्यांच्याच मुलीनं, मॅडम. त्यांनीच शब्द टाकून तिला इथं चिकटवली. आता बापालाच आडवं केलं तिनं."

पोर गोदामात एका खोक्यावर बसली होती. कालपासून तिला कॉम्प्युटरला हात लावायची बंदी होती. तोंड सुजलं होतं, केस विंचरलेले नव्हते. बाईंनी विचारलं तेवढ्याचं तिनं नीट उत्तर दिलं. ताईच्या बाळंतपणासाठी ती रजेवर गेली होती. परत आल्यावर पहिलं काम मिळालं ते घंटीचं. घंटी जरा लांब वाजावी, एवढाच बदल. तो करून तिनं प्रोग्राम बांधला आणि लिफ्टच्या पाटीवर, म्हणजे कंट्रोल बोर्डवर, चढवला.

"दाराला हात लावलास?"

"नाही. दाराची हद्द वेगळ्या फाइलीत असते. लिफ्ट मजल्यापासून तीन बोटांच्या आत आल्याशिवाय दार उघडायचं नाही, असं त्यात आहे. आजही तीन बोटंच आहे, तुम्ही बघा. कुणी ती फाइल बदलली तर नावानिशी नोंद होते. नोंद नाही."

"मग ते तुझ्यावर का घसरले?"

पोरीनं सगळं सांगितलं. तिनं चढवलेला प्रोग्राम पेन ड्राइव्हवर होता, तो मालकांनी कपाटात कुलूपबंद केला होता. आणि तोच मजकूर, म्हणजे तिनं लिहिलेला कोड, पुन्हा बांधला की निघणारा प्रोग्राम वेगळाच येत होता, अगदी निर्दोष. मजकूर तोच, तो बांधणारा कंपायलर तोच, कमांड तीच, आणि फळ वेगळं. म्हणजे हिनं चोरून काहीतरी दुसरंच चढवलं, असा सगळ्यांनी हिशोब मांडला होता.

"मॅडम, नोकरी गेली तर जाऊ दे," ती म्हणाली. "पण बाबांनी निरोप पाठवलाय, दवाखान्यात पाऊल टाकू नकोस. त्यांनाही वाटतंय मीच केलं."

बाई गोदामाच्या दारापर्यंत गेल्या, परत आल्या. मुलीचं खरं असेल तर बापलेकीची अशी ताटातूट करणारं माणूस याच छपराखाली कुठंतरी वावरत होतं. खोटं असेल तर ही पोर पक्की नटी होती. दुपारपर्यंत ठरवायचं होतं.

प्रोग्राम लिहिणारी माणसं कारखान्यात दोनच. ही पोर आणि तिला शिकवणारे मास्तर. मास्तर मिस्त्रींच्याच वयाचे, एकाच वर्षी दोघं कामाला लागलेले, एका डब्यात जेवणारे. बाईंना पाहून ते उठून उभे राहिले. डोळे लाल होते. बाईंना माणूस आवडला, आणि आवडला म्हणून त्या जरा चिडल्या.

"पोर कशी आहे?"

"हुशार आहे. घाई करते. कोवळं वय आहे, चुकलीच असेल तर मुद्दाम नाही चुकली." मास्तरांनी चष्मा पुसला. "मी मालकांना हात जोडून सांगितलं, पोलीस नको."

"दोष प्रोग्रामचाच, हे पक्कं?"

"दुर्दैवानं हो. मी त्याच संध्याकाळी भट्टीवर परत बांधून पाहिलं. साफ निघालं. तिनं काय चढवलं, देव जाणे."

भट्टी म्हणजे माडीवर कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीतला कॉम्प्युटर. लिफ्टच्या पाटीसाठीचा कंपायलर फक्त त्याच्यावर होता. माणसानं लिहिलेला मजकूर त्यात घालायचा आणि यंत्राला कळेल असा प्रोग्राम भाजून काढायचा, म्हणून भट्टी. दोघंही एकाच नावानं, एकाच पासवर्डनं त्यात शिरत; नावानिशी नोंद फक्त मूळ फायली बदलताना होई. खोलीची किल्ली आणखी कुणाकडे असते, असं बाईंनी विचारलं.

"जावईबापूंकडे," मास्तर हळूच म्हणाले.

जावईबापू म्हणजे मालकांचे जावई, विक्रीचं बघणारे. ते एका जागी ठरत नव्हते, बाईंसारखेच, त्यामुळे दोघांची चौकशी अंगणात येरझारा घालत झाली. किल्लीचं नाव काढताच त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. भट्टी कशाशी खातात ते आपल्याला ठाऊक नाही, ग्राहकांना खोली दाखवायला किल्ली लागते, असं ते तावातावानं म्हणाले.

"दाराबद्दल तुम्ही कधी काही बोलला होतात?"

"बोललो होतो. चोरी आहे का? आपल्या लिफ्टचं दार उघडायला युग लागतं. मोठ्या ग्राहकाला डेमो होता, म्हटलं जरा झटपट उघडा. मास्तर म्हणाले, होणार नाही, धोक्याचं आहे. मी सोडून दिलं."

"आणि डेमोला?"

"झटकन उघडलं की. ग्राहक खूश. मला वाटलं मिस्त्रींनी ग्रीस-बीस घातलं."

"पोर होती तेव्हा?"

"कुठली? ती बहिणीच्या बाळंतपणात."

बाई तिथूनच माघारी वळल्या. पाणी मुरतंय हे दिसत होतं, पण कुठं ते दिसत नव्हतं. डेमोला दार लवकर उघडलं. मग मधले काही दिवस लिफ्ट गुणी बाळासारखी वागली. आणि पोरीनं घंटीचं काम केलं त्या दिवशी पुन्हा लवकर उघडलं. कावळा बसायला नि फांदी तुटायला म्हणावं, तर कावळा दोनदा बसला होता.

त्यांनी मालकांच्या परवानगीची वाट पाहिली नाही. पोरीला दंडाला धरून भट्टीसमोर बसवलं. मालक धावत आले, आरोपीलाच यंत्र काय देता म्हणून ओरडले. मी मागं उभी आहे, बाई म्हणाल्या, आणि तुम्ही माझ्या मागं उभे राहा.

"बांध."

पोरीनं कमांड दिली. पडद्यावर एक ओळ उमटली, काम झालं. ना सूचना, ना तक्रार.

"एवढंच? कंपायलरला कोणते ऑप्शन जातात ते दिसत नाही?"

"पडद्यावर पसारा नको म्हणून ते लपवलेलं आहे. मी यायच्या आधीपासून."

"आता डॅश-व्ही लाव. म्हणजे तो काय काय करतो ते बोलून दाखवेल."

पोरीनं ऑप्शन जोडला. आता पडदा धबाधबा भरला. एरवी मुका असलेला कंपायलर एकदम बडबडा झाला. कोणती फाइल घेतली, कोणती फोल्डर कोणत्या क्रमानं धुंडाळली, सगळं ओकायला लागला. बाई मान पुढे काढून वाचत होत्या. एका ओळीवर त्यांचं बोट पडलं.

"हे वाच."

पोरीनं वाचलं. तात्पुरत्या फायलींच्या जागेतलं 'डेमो' नावाचं फोल्डर अस्तित्वात नाही, म्हणून सोडून दिलं, असं कंपायलर सांगत होता.

"मी असं कुठलंच फोल्डर सांगितलेलं नाही," ती म्हणाली.

"कुणीतरी सांगितलंय. आणि आधी तिथं बघ, मग आपल्या नेहमीच्या फोल्डरात, असं सांगितलंय." बाई मालकांकडे वळल्या. "डॅश-आय नावाचा ऑप्शन असतो. फायली कुठं शोधायच्या ते त्यानं सांगायचं. पहिल्या जागी मिळाली की कंपायलर तीच उचलतो, दुसरीकडे ढुंकूनही बघत नाही. आणि फोल्डरच नसेल तर तक्रारही करत नाही, गुपचूप पुढे जातो. डॅश-व्ही लावल्याशिवाय कळायचं नाही."

तो ऑप्शन सापडायला वेळ लागला नाही. भट्टीत शिरताक्षणी आपोआप वाचली जाणारी सेटिंगची फाइल होती, त्यात एक ओळ जास्तीची. फाइल शेवटची बदलली ती तारीख डेमोच्या आदल्या दिवसाची.

"कपाट उघडा," बाई म्हणाल्या. "पेन ड्राइव्ह आणा."

मालकांनी आणला. पोरीविरुद्धचा पुरावा म्हणून त्यांनी तो जिवापाड जपला होता. त्यावरचा प्रोग्राम पोरीनं डॅश-जी लावून बांधलेला होता. डॅश-जी लावला की कोणती ओळ कोणत्या फाइलीतून आली त्याची खूण प्रोग्रामच्या पोटात राहते. मास्तर तिला त्यावरून टोकत, फाइल उगाच जाड होते म्हणून. चूक शोधायला बरं पडतं म्हणून ती ऐकत नसे. बाईंनी पोट उघडून पाहिलं. बाकी सगळ्या फायली नेहमीच्या जागेतल्या. दाराच्या हद्दीची तेवढी 'डेमो' फोल्डरातली.

पोर पडद्याकडे बघत राहिली. मग तिनं तोंडावर हात दाबला. बाईंनाही भरून आलं, पण रडायला सवड नव्हती. फोल्डर होतं आणि नाहीसं झालं, एवढं सिद्ध झालं. कुणी केलं ते नव्हतं झालं.

"मालक, प्रोग्रामवर तुमचा संशय कधी गेला?"

"काल दुपारी. तोवर आम्ही सगळे दाराचं कुलूप खोलून बसलो होतो. वाटलं होतं कुलूपच तुटलं. ते धडधाकट निघालं, तेव्हा मास्तर म्हणाले, प्रोग्राम बघायला हवा."

बाईंनी भट्टीच्या नोंदीतून परवा संध्याकाळच्या बांधणीची वेळ काढून पाहिली. मग त्यांनी सगळ्यांना दवाखान्यात यायला सांगितलं. मिस्त्रींचा जबाब राहिलाय, तो सगळ्यांसमोर घेते, असं कारण दिलं.

मिस्त्रींच्या खाटेशी मास्तर आधीच डबा घेऊन आले होते आणि चमच्यानं भात भरवत होते. मालक आणि जावईबापू पायथ्याशी उभे राहिले. पोर बाहेरच थांबली, उंबऱ्याच्या पलीकडे, भिंतीला पाठ लावून. दार उघडंच होतं. मिस्त्रींनी तिकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"मिस्त्री, तुमच्या पोरीनं घंटीशिवाय कशालाही हात लावला नव्हता," बाईंनी सुरुवातच तिथून केली. "कुणीतरी दाराच्या हद्दीची दुसरी फाइल केली होती. तीन बोटांऐवजी हातभर. ती वेगळ्या फोल्डरात ठेवली, आणि आधी तिथंच बघ असं कंपायलरला सांगून ठेवलं. खऱ्या फाइलीला हात लावला असता तर नाव नोंदलं गेलं असतं. डेमो झाला, त्यानं लिफ्टवर जुना प्रोग्राम परत चढवला. पण भट्टीतलं फोल्डर आणि तो ऑप्शन तसेच राहिले. पोर रजेवरून आली, घंटीचं काम केलं, नेहमीसारखं बांधलं. कंपायलरनं मुकाट्यानं हातभराची फाइल उचलली."

"कुणी?" मिस्त्रींनी विचारलं.

जावईबापू घाईनं म्हणाले, मी नाही, मला हे काही येत नाही.

"तुम्ही नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही हट्ट धरलात, ते पाप तुमच्याकडे. पण हे तुमच्या बापजन्मी जमलं नसतं. प्रोग्राम लिहिणारी माणसं दोन, आणि डेमोच्या आठवड्यात पोर गावात नव्हती. मास्तर, परवा संध्याकाळी तुम्ही भट्टीवर परत बांधलंत ते का?"

मास्तरांनी चमचा डब्यात ठेवला. "शंका आली म्हणून."

"परवा कुणालाच शंका नव्हती. काल दुपारपर्यंत सगळे कुलूप तपासत होते. तुम्हाला एकट्याला कशी आली?"

"अनुभव असतो."

"मिस्त्रींना दवाखान्याच्या गाडीत घातलं त्याच्या आधी बांधलंत की नंतर?"

"आठवत नाही."

"वेळ भट्टीवर आहे. आधी. मनोऱ्याखाली सगळे यांच्या अंगावरची वजनं उचलत होते आणि तुम्ही वर कंपायलर चालवत होतात. फोल्डर पुसलंत, मग बांधून पाहिलंत. काही तक्रार आली नाही, साफ निघालं, तुमचा जीव भांड्यात पडला. सेटिंगमधली ओळ तेवढी काढली नाहीत. काढली असती तर त्या फाइलीवर अपघाताची तारीख पडली असती, आणि पोरीनं ती पहिल्यांदा पाहिली असती. नसलेलं फोल्डर कंपायलर गुमान सोडून देतो, हे तुम्हाला माहीत होतं. राहू दिली तरी कुणाला कळणार, असं वाटलं. नवशिका घाबरून सगळंच पुसून बसला असता, मास्तर. एवढं जाणणारं माणूस तिथं एकच होतं."

मास्तरांनी मालकांकडे पाहिलं.

"तुम्ही म्हणाला होतात, मिस्त्रीची पोर अर्ध्या पगारात माझं काम करेल," ते म्हणाले. "जावईबापूंना मी आधी नाही म्हटलं. घरी जाऊन रात्रभर विचार केला, की नाही म्हटलं म्हणून मलाच घरी बसवाल. एका दिवसापुरतं करायचं होतं. डेमो संपल्यावर काढणार होतो. विसरलो. खरंच विसरलो." मग ते खाटेकडे वळले. "तू पडलास तेव्हा वरच्या खिडकीतून मला दिसलं. त्या क्षणाला कळलं. आधी ते पुसावं आणि मग खाली यावं, एवढंच डोक्यात आलं. कालपासून सारखं वाटत होतं, आता सांगतो."

"आणि पोरीचं नाव पुढे आलं, तेव्हा?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी डब्याचं झाकण लावलं. मालकांची मान खाली गेली होती. पोलिसांचं नाव आता कुणीच काढत नव्हतं, ते बाईंनीच काढलं, आणि तक्रारीत अर्ध्या पगाराची गोष्टही येईल असं मालकांना सांगितलं.

मिस्त्रींनी मास्तरांकडे मान वळवली.

"मी खाली पडलो होतो," ते म्हणाले, "तेव्हा सगळ्यांचे चेहरे दिसत होते. तुझाच नव्हता. मी मनाशी म्हटलं, मास्तरला रक्त बघवत नाही, म्हणून आला नसेल. पडल्या पडल्या तुझी बाजू घेत होतो रे मी." त्यांनी दाराकडे पाहिलं. "आणि पोरीची नाही घेतली. डबा उचल आणि जा."

मास्तर गेले. दारात पोर उभी होती, तिला ओलांडूनच जावं लागलं. "मास्तरकाका," असं तिच्या तोंडून सवयीनं निघालं, पुढे काहीच नाही. ते खालमानेनं जिना उतरले. मालकांना आणि जावईबापूंना बाईंनी त्यांच्या मागोमाग पिटाळलं.

"आत ये," मिस्त्री म्हणाले.

पोर आली नाही. उंबऱ्यावरच उभी राहून बोलली. "बाबा, तुम्ही मला एकदा विचारलंत असतं तर बरं झालं असतं. माझंही डोकं फिरायला लागलं होतं. सगळेच म्हणतात, तुम्हीही म्हणता, म्हणजे मीच काहीतरी केलं असेल आणि मला आठवत नसेल, असं वाटायला लागलं होतं."

मिस्त्री उठायला गेले. कमरेखाली प्लास्टर होतं, उठता येत नव्हतं. एवढा दांडगा माणूस, पण आता त्यांना स्वतःच्या लेकीपर्यंत जाता येईना, हे बाईंना बघवलं नाही. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं.

"चुकलो," मिस्त्री शेवटी म्हणाले. "हाड मोडलं तेव्हा ओरडलो नव्हतो. तुझ्या नावानं मात्र सगळ्या दवाखान्यात ओरडलो. आता त्याच माणसांसमोर तुझी माफी मागतो, डॉक्टरला बोलव, नर्सला बोलव."

"नको," पोर म्हणाली. "मला विचारा फक्त."

"काय विचारू?"

"जे तेव्हा विचारायचं होतं ते."

मिस्त्रींनी डोळे पुसले. मग आवाज नीट लावून, जणू परवाचीच संध्याकाळ आहे असं, त्यांनी विचारलं, "पोरी, तू केलंस का हे?"

"नाही बाबा," ती म्हणाली, आणि उंबरा ओलांडून आत आली.